ऑफसीझनचा कागद: बेसबॉल संघाचे ट्रेड आणि करार कसे तोलायचे

ऑक्टोबर सरता सरता अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलची अंतिम मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज, आटोपते आणि फेब्रुवारीच्या मध्याला पिचर-कॅचर स्प्रिंग ट्रेनिंगला हजर होतात. मधले साडेतीन महिने मैदानं ओस पडलेली असतात, पण भांडणाचा खरा मोसम हाच. कोण येणार, कोण जाणार, कुणाच्या बदल्यात कोण? आमच्या घरी तर डिसेंबरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नसतो. मी एडिसनला राहते. गाडीने पेन स्टेशन, तिथून हेराल्ड स्क्वेअर, मग डी ट्रेन आणि १६१वा स्ट्रीट हा यँकी स्टेडियमचा रस्ता पायांना पाठ झालाय. त्यामुळे पुढची बहुतेक उदाहरणं न्यूयॉर्क यँकीज या संघाची आहेत. पद्धत मात्र कुठल्याही संघाला लावता येईल.

एखादा ट्रेड, म्हणजे दोन संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, जाहीर झाला की बहुतेक जण विचारतात, "खेळाडू चांगला आहे का?" या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमीच 'हो' असतं, त्यामुळे तो निरुपयोगी आहे. विचारायचं ते असं: हा नसता तर त्या जागी कोण उभा राहिला असता, त्याच्यापेक्षा हा किती सरस, आणि तेवढ्या फरकासाठी काय, किती वर्षं मोजायचं? खाली आठ पायऱ्या दिल्या आहेत. त्यातल्या काही दोन मिनिटांत उरकतात, काहींना अख्खी संध्याकाळ जाते.

साहित्य म्हणाल तर एक कोरा कागद, पेन्सिल (पेन नको, खोडावं लागतं), आकडेवारीसाठी फॅनग्राफ्स किंवा बेसबॉल-रेफरन्सवरचं संघाचं पान आणि करारांच्या रकमा.

आयपीएलचा लिलाव बघत मोठं झालेल्यांनी एक सवय आधी मोडावी. तिथे पर्स ठरलेली असते, संपली की हात खाली. मेजर लीगमध्ये लिलाव नाही, हातोडा नाही आणि खर्चाला पक्कं झाकणही नाही. बोलणी एजंटमार्फत बंद दाराआड चालतात. समोरच्याने किती बोली लावलीय ते नीट कळत नाही आणि पैसे संपत नाहीत, फक्त महाग होत जातात. कसे ते तिसऱ्या पायरीत.

पायरी १: नावं नको, जागा लिहा

कागदावर आठ क्षेत्ररक्षकांच्या जागा, डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा), पाच सुरुवातीचे पिचर आणि बुलपेन (सामन्यात नंतर येणारे पिचर) अशी मांडणी करा. प्रत्येक जागेसमोर आज करारात असलेला माणूस लिहा. जिथे कुणीच नाही किंवा लिहिताना हात अडखळतो, तिथे गोल काढा.

नोव्हेंबर २०२४ मधला यँकीजचा कागद घ्या. संघ नुकताच वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सकडून पाच सामन्यांत हरला होता. राइट फील्डचा हुआन सोटो फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळा. लेफ्ट फील्डचा ॲलेक्स वर्डुगो फ्री एजंट. सेकंड बेसचा ग्लेबर टोरेस फ्री एजंट. फर्स्ट बेसचा अँथनी रिझो ९२ सामन्यांत आठ होम रन करून बसला होता, त्याचा करार पुढच्या वर्षापर्यंत लांबवायचं ऑप्शन संघाने सोडून दिलं. बुलपेनमधून क्ले होम्स गेला. म्हणजे एक सोटो गेला असं नव्हतं, कागदावर पाच गोल होते. त्या हिवाळ्यात जो-तो 'सोटो येणार की जाणार' एवढंच बोलत होता, बाकीच्या चार गोलांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

गोल काढून झाले की बाण काढा, कोण कुठे सरकू शकतो त्याचे. ॲरन जज सेंटर फील्डमधून राइटला जाऊ शकतो, मग भोक सेंटरला पडतं. जॅझ चिझम थर्ड बेसवरून सेकंडला जाऊ शकतो, मग भोक थर्डला पडतं. भोक बुजत नाही, सरकतं. पण ते सरकून स्वस्तात भरता येईल अशा जागी नेता आलं तर अर्धं काम झालं. शेवटी हातच्या पोरांची नावं पेन्सिलीने लिहा. तेव्हा यँकीजकडे आउटफिल्डला हॅसन डोमिंगेझ होता आणि मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांत, केलेब डर्बिन नावाचा एक बुटका, पळायला चपळ इन्फिल्डर. हे नाव लक्षात ठेवा.

पायरी २: प्रत्येकाच्या नावापुढे 'किती वर्षं आपला' ते लिहा

क्रिकेटवाल्यांना हे सगळ्यात अनोळखी वाटतं, आणि ट्रेडचं अर्धं गणित इथेच दडलेलं असतं. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत संघाच्या ताब्यात असतो. यादीत १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास. २०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशन (लवाद): दरवर्षी पगार वाढतो, पण बाजारभावाच्या खालीच राहतो. सहा वर्षं झाली की तो मोकळा.

म्हणून दोन सारख्याच गुणांच्या खेळाडूंची किंमत सारखी नसते. पाच वर्षं ताबा असलेला साधारण सेकंड बेसमन आणि एक वर्ष उरलेला स्टार यांच्यात कोण महाग, हे नुसतं नाव ऐकून सांगता येत नाही. कागदावर नावापुढे आकडा टाका: १, ३, ६.

जाता जाता संघाची कमाल ४० जणांची यादीही मोजा. एकाच्या बदल्यात तीन घेतले की तिघांना जागा लागते आणि कुणाला तरी बाहेर काढावं लागतं.

पायरी ३: पैसा मोजा, पण दोन वेगळ्या रकान्यांत

पहिला रकाना रोख पगाराचा. दुसरा कराचा, आणि भल्याभल्यांची गफलत याच रकान्यात होते. संघाचा खर्च मर्यादेबाहेर गेला की लक्झरी टॅक्स लागतो, पण त्यासाठी त्या वर्षीचा पगार धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. २०२५ ची मर्यादा २४.१ कोटी डॉलर होती. तिच्यावर दर दोन कोटींना एक पायरी: २६.१, २८.१, ३०.१. जो संघ सलग तीन किंवा जास्त वर्षं मर्यादेबाहेर आहे, त्याला पहिल्या पायरीवर ५० टक्के कर आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हणजे ३०.१ कोटींच्या पुढे, ११० टक्के.

यँकीज त्याच वर्गात मोडतात. आता गोल्डश्मिटकडे बघा. ३७ वर्षांच्या पॉल गोल्डश्मिटशी फर्स्ट बेससाठी एक वर्षाचा सव्वा कोटी डॉलरचा करार झाला. बातमीत 'सव्वा कोटी' आलं. पण तो पैसा सगळ्यात वरच्या पायरीवर पडला, तर संघाच्या खिशातून जातात २ कोटी ६२ लाख ५० हजार. म्हणजे प्रश्न 'म्हाताऱ्याला सव्वा कोटी द्यावेत का' असा नसून 'अडीच कोटींहून जास्त देऊन हा हवा का' असा होतो. तोच खेळाडू मर्यादेखाली असलेल्या संघाला निम्म्याहून स्वस्त पडला असता. करारावरचा आकडा सगळ्यांना सारखा दिसतो, किंमत प्रत्येक संघाला वेगळी पडते.

याच पायरीत शोहेई ओहतानी या स्टार खेळाडूचा करार समजून घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सनी त्याला दहा वर्षांचे ७० कोटी कबूल केले, पण वर्षाला हातात फक्त २० लाख आणि बाकीचे ६.८ कोटी दहा वर्षांनी. उशिरा मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत कमी, म्हणून कराच्या रकान्यात तो वर्षाला ७ कोटींचा धरला जात नाही, साधारण ४.६ कोटींचा धरला जातो. पैसे पुढे ढकललेले दिसले की दोन्ही रकाने पुन्हा तपासा.

पायरी ४: खेळाडूचं वजन काढा

इथे सावकाश जा.

वॉर म्हणजे बदली माणसाच्या तुलनेत खेळाडूने किती विजय वाढवले त्याचा अंदाज. बदली माणूस म्हणजे किमान पगारात मायनर लीगमधून उद्या उचलता येईल असा कुणीही. नुसत्या अशा माणसांचा संघ १६२ पैकी ४८च्या आसपास सामने जिंकेल असं धरतात. फ्री एजंटच्या बाजारात एका वॉरला साधारण ८० ते ९० लाख डॉलर पडतात असा ठोकताळा आहे. त्यावर वाद आहेत, पण पेन्सिलीच्या हिशेबाला तो पुरतो.

गेल्या वर्षाचा एकच आकडा कधी उचलू नका. टॉम टँगो या आकडेतज्ज्ञाची 'मार्सेल' नावाची पद्धत आहे. माकडालाही जमेल इतकी सोपी, म्हणून नावही एका माकडाचंच. गेल्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्या, आलेली सरासरी थोडी सर्वसामान्य खेळाडूकडे ओढा आणि वयाची वजावट करा. समजा एकतीस वर्षांचा कुणी एक आहे. गेल्या वर्षी ५ वॉर, त्याआधी ३, त्याआधी १. बातम्या म्हणतील 'पाच वॉरचा खेळाडू'. आपण करू पाच पंचे पंचवीस, चार त्रिक बारा, तीन एके तीन, एकूण ४०, भागिले १२, म्हणजे ३.३. थोडा खाली ओढला की ३. तिशीनंतर दरवर्षी साधारण अर्धा वॉर गळतो असं धरलं तर चार वर्षांत ३, अडीच, २, दीड, एकूण ९. वॉरला ८० लाख धरले तर ७.२ कोटी. एजंट चार वर्षांचे दहा कोटी मागत असेल, तर फरक कुठून भरून निघणार याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

ते उत्तर कधी कधी असतं. दोन गोष्टी बघा.

एक, मैदान आणि हात. यँकी स्टेडियमचं राइट फील्डचं कुंपण कोपऱ्यात ३१४ फुटांवर आहे, अगदी अंगावर. डावखुऱ्या बॅटरचा जो फटका इतर मैदानांवर झेल होतो, तो इथे पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर पडतो. शिकागोत कब्जकडे खेळणारा डावखुरा कोडी बेलिंजर यँकीजला म्हणूनच जास्त मोलाचा होता. शिवाय तो सेंटर फील्ड खेळतो, फर्स्ट बेसही खेळतो, म्हणजे पहिल्या पायरीतले दोन बाण एकट्याने काढता येतात. (त्याचे वडील क्ले बेलिंजरही याच संघातून खेळले होते. गोष्ट गोड आहे, पण कागदावर तिचं वजन शून्य धरा. मालकांना हे कुणी सांगत नाही.)

दोन, संघ विजयांच्या जिन्यावर कुठे उभा आहे. ७० वरून ७३ विजयांवर जाऊन फक्त रविवार बरा जातो. ९२ वरून ९५ वर गेलात तर सगळं बदलतं. २०२५ मध्ये यँकीज आणि टोरांटो ब्ल्यू जेज दोघांचे ९४ विजय झाले. आपसातल्या सामन्यांत जेज सरस होते, म्हणून गटाचं विजेतेपद आणि पहिल्या फेरीची सुट्टी त्यांना मिळाली. यँकीजना वाइल्ड कार्डची फेरी खेळावी लागली आणि पुढच्या फेरीत त्याच जेजनी त्यांना घरी पाठवलं. एक विजय! अशा संघाने वॉरला बाजारभावापेक्षा जास्त मोजले तर तो वेडेपणा ठरत नाही. साठ विजयांवर रेंगाळणाऱ्याने मोजले तर ठरतो.

पिचरच्या बाबतीत वयापेक्षा हात आधी तपासा. मॅक्स फ्रीडला डिसेंबर २०२४ मध्ये आठ वर्षांचे २१.८ कोटी मिळाले, डावखुऱ्या पिचरला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी रक्कम. २०१४ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती आणि २०२३ मध्ये हाताच्या दुखण्यामुळे तो जेमतेम १४ सामन्यांत सुरुवातीला उतरला होता. करार संपेल तेव्हा तो ३८ वर्षांचा असेल. हे वाचून मी कागदावर मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. पण तो चेंडू जमिनीवर पाडणारा, होम रन कमी देणारा पिचर आहे आणि त्या ३१४ फुटांसमोर नेमका तसाच लागतो. शेवटची तीन वर्षं वाया जाणार हे धरूनच असे करार होतात. पहिली चार-पाच वर्षं तेवढी भरपाई करतील का, एवढंच बघायचं.

पायरी ५: ट्रेडमध्ये देणाऱ्याच्या खुर्चीत बसा

चाहते ट्रेड सुचवताना नेहमी आपल्याला नको असलेले तिघे देऊन त्यांचा हवा असलेला एक मागतात. वर्तमानपत्राच्या रद्दीवर सोनं. तुम्ही समोरच्या संघाचाही कागद काढा, त्यांचे गोल कुठे आहेत ते बघा.

डिसेंबर २०२३ मधला सोटोचाच ट्रेड अभ्यासाला उत्तम आहे. सॅन डिएगो पॅड्रेसना पगार कमी करायचा होता आणि पिचर हवे होते. सोटोचं एकच वर्ष उरलं होतं आणि त्या वर्षाचा पगार पुढे ३.१ कोटी ठरला. त्यांनी यँकीजना सोटो आणि ट्रेंट ग्रिशम दिले. बदल्यात मायकल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रिटो, रँडी व्हास्केझ आणि कॅचर काइल हिगाशिओका घेतले. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा 'लुटलं' असा सूर होता. किंगने २०२४ मध्ये १७३ इनिंग टाकून ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, कमी तितका चांगला) २.९५ ठेवला. थॉर्प तर पॅड्रेसकडे एकही सामना खेळला नाही. मार्चमध्ये त्याच्यासह चौघांना देऊन त्यांनी शिकागो व्हाइट सॉक्सकडून डिलन सीस आणला, आणि सीसने जुलैत नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही. पॅड्रेस ९३ सामने जिंकून प्लेऑफला गेले. तिकडे सोटोने ४१ होम रन मारले आणि यँकीज २००९ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज खेळले. दोघांचाही कागद बरोबर होता, कारण दोघांचे गोल वेगळे होते. ट्रेडमध्ये एक जिंकला म्हणजे दुसरा हरला असं दर वेळी नसतं.

आणि 'सोबत आलेला' ग्रिशम? त्याने २०२५ मध्ये ३४ होम रन मारले. कागदावर भुर्दंड म्हणून लिहिलेल्या नावाकडेही दोनदा बघावं.

आता डर्बिन. १३ डिसेंबर २०२४ ला यँकीजनी नेस्टर कोर्टेस आणि डर्बिन देऊन मिलवॉकी ब्रुअर्सचा क्लोजर (सामन्याचा शेवट टाकणारा पिचर) डेव्हिन विल्यम्स घेतला. सोबत ब्रुअर्सना थोडे पैसेही दिले. विल्यम्सचं एकच वर्ष उरलेलं. पाठीच्या दुखण्यामुळे २०२४ मध्ये तो २१ इनिंगच टाकू शकला होता, पण ईआरए १.२५. डर्बिनची सहा वर्षं उरलेली, मेजर लीगमध्ये शून्य सामने. इथे गणित कसं मांडायचं? क्लोजर वर्षाला साठ-सत्तर इनिंग टाकतो, म्हणजे कितीही भारी असला तरी त्याचं वजन दीड-दोन वॉरच्या आसपास अडकतं. मोक्याच्या इनिंग टाकतो म्हणून थोडं वाढवा. उलट बाजूला रोज खेळणारा, किमान पगारातला इन्फिल्डर वर्षाला दोन वॉरचा निघाला, तर बाजारात दीड कोटींहून महाग पडणारी वस्तू तुम्ही साडेसात-आठ लाखांतच वापरताय, तीही काही वर्षं. तो तसा निघण्याची शक्यता एक तृतीयांश धरली तरी तराजू डर्बिनकडे झुकतो. त्यातून पहिल्या पायरीतलं, चिझम सेकंडला सरकल्यावर थर्ड बेसला पडणारं भोक मोकळंच होतं! मला हा ट्रेड त्याच दिवशी पटला नव्हता. यँकीजची बाजूही समजून घ्यायला हवी: याच वर्षी जिंकायचं होतं, आणि डर्बिनची उंची आणि ताकद पाहून फारसं कुणी त्याला मोठा प्रॉस्पेक्ट म्हणत नव्हतं.

पायरी ६: दंड आणि बारीक अक्षरं

ही पायरी पटकन होते. जाणाऱ्या खेळाडूला संघाने क्वालिफाइंग ऑफर दिली होती का ते बघा. २०२४ च्या हिवाळ्यात ती एक वर्षाची २ कोटी १० लाख ५० हजार होती. ती नाकारलेल्या खेळाडूला घेणारा कर भरणारा संघ असेल, तर त्याच्या दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या ड्राफ्ट निवडी (नवोदित खेळाडू निवडायच्या पाळ्या) जातात, शिवाय परदेशी मुलांच्या करारासाठीच्या निधीतले दहा लाख. फ्रीडसाठी यँकीजनी हे दिलं. सोटो गेल्यावर भरपाई म्हणून त्यांना निवड मिळाली ती चौथ्या फेरीनंतरची, म्हणजे जवळपास चॉकलेट.

मग कराराची बारीक अक्षरं. ऑप्ट-आउट किंवा प्लेयर ऑप्शन म्हणजे खेळाडूच्या हातातलं दार. तो चांगला खेळला तर जातो, वाईट खेळला तर राहतो, दोन्हीकडून त्याचाच फायदा. बेलिंजरच्या करारात २०२६ साठी अडीच कोटींचं असं दार होतं. २०२५ वाया गेलं असतं, तर ते अडीच कोटी यँकीजच्या गळ्यात पडले असते. म्हणून त्याची किंमत 'एक वर्ष' अशी लिहायची नाही. 'एक चांगलं वर्ष किंवा दोन वाईट' अशी लिहायची. सोटोला शेवटी घेतलं न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाने, मेट्सने; त्यांनी पाचव्या वर्षानंतर असंच दार दिलंय, पण उरलेली दहा वर्षं प्रत्येकी ५.१ ऐवजी ५.५ कोटींची करून मेट्स ते बंद करू शकतात.

पायरी ७: 'इतक्यावर उठायचं' हा आकडा आधी लिहा

बाजारात हे लिहून न जाणारा माणूस भाजीवालीकडेही फसतो. यँकीजनी सोटोला १६ वर्षांचे ७६ कोटी देऊ केले होते. मेट्सने १५ वर्षांचे ७६.५ कोटी दिले आणि ८ डिसेंबरच्या रात्री तो गेला. फरक पन्नास लाखांचा, पण वार्षिक सरासरी काढा: ४.७५ विरुद्ध ५.१. अजून थोडं ताणलं असतं तर, असं माझा नवरा अजून म्हणतो. तिसरी पायरी आठवा. ५.१ कोटी सगळे वरच्या पायरीवर पडले तर वर्षाला १०.७१ कोटी जातात. हे मी त्याला पेन्सिलीने करून दाखवलं, तरी तो म्हणतोच.

उठायचा आकडा लिहिला की खाली दुसरी यादी लागते, तीही तारखेच्या हिशेबाने. १० डिसेंबरला फ्रीड, १३ ला विल्यम्स, १७ ला बेलिंजर, २१ ला गोल्डश्मिट. सोटो गेल्यापासून तेरा दिवसांत चार जण. इतक्या झपाट्याने हे तेव्हाच होतं, जेव्हा दुसरी यादी पहिलीच्या आधी तयार असते. बाजार थांबत नाही. पहिल्या पसंतीची वाट बघत बसलात तर दुसरी, तिसरी आणि चौथीही दुसऱ्याच्या पिशवीत जातात.

त्या हिवाळ्यात 'सोटोचे पैसे वाचवून चौघे आणले' असं फार बोललं गेलं. बेरीज करून बघा. फ्रीड २.७२, बेलिंजर २.७५, गोल्डश्मिट १.२५, विल्यम्स ०.८६: साडेसात कोटींच्या वर. त्यातले बेलिंजरचे पन्नास लाख त्याच्या जुन्या संघाने, कब्जनी भरले, तरी त्या वर्षाचा खर्च सोटोपेक्षा जास्तच. वाचली ती पुढची वर्षं. सोटोला शब्द दिला असता तर तो पंधरा-सोळा वर्षांचा होता. या चौघांतला एकटा फ्रीड लांबचा. म्हणून वार्षिक रक्कम आणि एकूण बांधिलकी या दोन बेरजा नेहमी वेगळ्या लिहा. एकच लिहून दुसरीबद्दल बोलणारे फार.

पायरी ८: तपासणी, पण घाईने नाही

२९ मार्च २०२५. यँकी स्टेडियमवर ब्रुअर्स, आणि समोर पिचर कोण, तर डिसेंबरात दिलेला नेस्टर कोर्टेस. मी घरी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. पहिला चेंडू, गोल्डश्मिट, होम रन. दुसरा चेंडू, बेलिंजर, होम रन. तिसरा चेंडू, जज, होम रन. हातातल्या मोज्याला जोडीचा मोजा सापडायच्या आत तीन धावा. यँकीज २०-९ ने जिंकले, नऊ होम रन. सगळा हिवाळा वसूल झाल्यासारखं वाटलं.

अशा दिवशी कागद बाहेर काढायचा नाही. विल्यम्सचा हंगाम फसला, ईआरए ४.७९, मधेच क्लोजरचं कामही हातातून गेलं. डर्बिन मिलवॉकीत थर्ड बेसवर रोज खेळला आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तिसरा आला. यँकीजना जुलैत त्याच थर्ड बेससाठी कोलोरॅडोहून रायन मॅकमहन आणावा लागला. फ्रीड १९ विजय, ५ पराभव, ईआरए २.८६. बेलिंजर २९ होम रन. सोटोने मेट्सकडे ४३ मारले, ३८ बेस चोरले, तरी मेट्स ८९ विजयांवरून ८३ वर घसरले आणि प्लेऑफ हुकलं. यँकीजचे विजय सोटोसह ९४ होते, सोटोशिवायही ९४. धावा ८१५ वरून ८४९.

यावरून 'सोटोला सोडलं ते बरोबर' म्हणणं सोपं आहे. पण त्या ८४९ धावांत जजचे ५३ होम रन आहेत आणि कुणीही न धरलेले ग्रिशमचे ३४ आहेत. ते या चार करारांचं कर्तृत्व नाही. तपासणी करताना प्रत्येक नावापुढे दोन खुणा करा. त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर निर्णय ठीक होता का, ही पहिली. पुढे काय झालं, ही दुसरी. फ्रीडला माझ्याकडे पहिली खूण 'काठावर', दुसरी 'उत्तम'. विल्यम्सला दोन्हीकडे फुली.

गोल्डश्मिटसमोर मी डिसेंबरात 'नको, वय' असं लिहून अधोरेखित केलं होतं. एप्रिल-मे दोन महिने त्याने ते खोटं पाडलं, उन्हाळ्यात बॅट थंडावली, डावखुऱ्या पिचरसमोर तेवढी शेवटपर्यंत चालली. वर्षअखेर बॅटिंगची सरासरी .२७४ आणि दहा होम रन. आता समोर कुठली खूण करायची यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. नवऱ्याने तिथे बरोबरची खूण केलीय. पेनने.